आतोबांचं ‘मग’ आणि आत्याचे बटाटे

माझ्या आत्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत साधं अंडं उकडता येत नव्हतं आणि याची तिला तिळमात्र लाज वाटत नव्हती. कुणी टोमणा मारलाच तर ती म्हणायची, “मला शिवता येतं. त्यांना रांधता येतं. घरात दोनच माणसं, दोघांनी सगळं करायचं कशाला?”

शिवता येतं म्हणजे कसं, तर ती एका मोठ्या दवाखान्याच्या शिवणखात्यात चौतीस वर्षं होती. पलंगाच्या चादरी, उशांचे अभ्रे, परिचारिकांचे गणवेश, ऑपरेशनच्या वेळी घालायचे हिरवे झगे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. नव्या डॉक्टरकडे ती दारातून एकदा बघायची आणि दुसऱ्या दिवशी त्याचा कोट तयार असायचा. मापाची टेप गळ्यात असायची, पण ती बहुतेक सवयीने.

आतोबा एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते. तीनशे माणसांचं दोन वेळचं जेवण. तिथून घामाघूम होऊन घरी यायचे, अंघोळ करायचे आणि परत गॅसपुढे उभे राहायचे. आई एकदा त्यांना म्हणाली, “भावोजी, घरी तरी जरा बसा.” ते हसून म्हणाले, “तीनशे माणसांसाठी करतो ते काम. हिच्यासाठी करतो ती विश्रांती.” बोलायला भारी होते आतोबा. कांदा चिरता चिरता त्यांची गोष्ट सुरू व्हायची आणि ताटं उचलली तरी संपायची नाही. आत्या समोर स्टुलावर बसून उसवलेलं काहीतरी शिवत ऐकायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण त्या घरात शांतता अशी कधी नसायचीच.

आतोबा साठीला टेकले होते, तेव्हा एका सकाळी कॅन्टीनमध्ये त्यांच्या हातातून मोठा डाव सुटून पडला. तो उचलायला ते वाकले आणि तिथेच बसले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दोन महिने दवाखान्यात काढून घरी आले, तेव्हा त्यांच्याकडे फक्त एक शब्द उरला होता. ‘मग’.

का तोच, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. असं होतं म्हणाले, एखादा शब्द मागे राहतो. पाणी हवं असलं तरी मग, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी मग. बाबा त्यांना भेटायला गेले की खोटं खोटं हसत बोलायचे, आणि आतोबा त्यांच्याकडे बघून हळू म्हणायचे, “मग.” बाबा घरी येऊन जेवायचे नाहीत.

आत्याने नोकरी सोडली. दोन वर्षं उरली होती, पण तिने मागेपुढे पाहिलं नाही. आतोबांना उठवणं, अंघोळ घालणं, हातापायांचे व्यायाम करून घेणं, हे सगळं ती पटकन शिकली. दवाखान्यात आयुष्य गेलेलं, त्याची तिला भीती नव्हती. तिची गाडी अडली स्वयंपाकघरात.

मी तेव्हा पोस्टात नोकरीला लागले होते आणि आत्याचं घर माझ्या वाटेवर होतं. रोज संध्याकाळी डोकावायचे. एकदा गेले तर ओट्यावर तीन पातेली, तिन्ही करपलेली, आणि आत्या चौथ्यात भाज्यांचं सूप ढवळतेय. मी चव घेतली. गरम पाण्यात भाज्या नुसत्या बुडवून काढल्या असत्या तरी यापेक्षा बरं लागलं असतं. आतोबांनी एक चमचा घेतला आणि ओठ मिटले ते मिटलेच. आई डबा पाठवायची. त्यातलेही दोन घास, तेही आईचं मन राखायला. दोन महिन्यांत त्यांचे सदरे आत्याला दोनदा आत घ्यावे लागले.

डॉक्टर म्हणाले, “घशाला आता काही अडचण नाही. मऊ अन्न चालेल. त्यांना खायचंच नाहीये.”

“का?” आत्याने विचारलं.

“ते तेच सांगू शकतील,” डॉक्टर म्हणाले आणि मग स्वतःच ओशाळले.

त्याच आठवड्यात आत्या ओट्याखाली झाडत होती, तेव्हा मागच्या कोपऱ्यात बटाट्यांची टोपली सापडली. आजारपणाच्या आधी आतोबांनीच आणून ठेवलेली. बटाटे सुरकुतले होते आणि प्रत्येकाला बोट बोट लांबीचे जांभळट कोंब फुटले होते. आत्या टोपली उचलून कचऱ्याकडे निघाली. आतोबा दाराशी खुर्चीत बसले होते. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

“मग,” ते म्हणाले. टोपलीकडे बघून, मग मागच्या दाराकडे बघून.

आत्याने मला नंतर हे दहा वेळा सांगितलं असेल. “मला वाटलं, पेर म्हणतायत. आता वाटतं, कदाचित कचऱ्याचा डबा मागच्या दाराशी आहे, एवढंच म्हणत असतील. पण घरी आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा पाणी-पंख्याशिवाय काहीतरी मागितलं होतं. मी कशाला दुसरा अर्थ लावू?”

मागच्या दाराबाहेर परसाचा एक तुकडा होता. कपडे वाळत घालायची दोरी, एक फुटकी बादली, आणि घर बांधताना उरलेल्या विटांच्या तुकड्यांनी भरलेली टणक जमीन. आत्याने शेजाऱ्यांकडून कुदळ आणली. जन्मात सुईपेक्षा जड हत्यार न उचललेली बाई ती, पहिल्या दिवशी हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. तिसऱ्या दिवशी तिने शिवणकामातल्या जाड कापडाचे हातमोजे शिवले आणि परत खणायला लागली. विटांचे तुकडे वेचून एका कडेला रचले. मग टेप काढली आणि खडूने भिंतीवर खुणा केल्या. दोन ओळींत दोन फूट, दोन बटाट्यांत एक फूट. सरी इतकी सरळ की दोरा धरून पाहिला असता तरी चूक निघाली नसती.

आणि त्यातलं एकही झाड जगलं नाही.

कारण साधं होतं. आत्या सकाळी पाणी घालायची, दुपारी घालायची, संध्याकाळी तिला वाटायचं की माती कोरडी दिसतेय म्हणून परत घालायची. शिवाय दर दोन दिवसांनी एखादा बटाटा उकरून बघायची की काही होतंय का. तिसऱ्या आठवड्यात वास यायला लागला. उकरून पाहिलं तर टोपलीभर बटाट्यांचा लगदा झालेला.

मी गेले तेव्हा ती पायरीवर बसली होती, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. रडत नव्हती. म्हणाली, “मला एक तरी गोष्ट जगवता यायला हवी होती.”

आतून आतोबांचा आवाज आला, “मग?”

त्या एका शब्दात इतकं सरळ ‘पुढे काय’ होतं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आत्याने हात धुतले, चप्पल घातली आणि ती चौकातल्या रोपवाटिकेत गेली.

रोपवाटिकेचा मालक जाडा, संथ माणूस होता. आत्याने त्याला सगळं खरं सांगितलं, उकरून बघायचंसुद्धा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, तुम्ही बटाटा लावला नाहीत. तुम्ही त्याची शुश्रूषा केलीत.”

“मग काय करू?”

“थंडी सुरू होऊ द्या. तोवर त्या जमिनीत पालापाचोळा आणि कुजलेलं शेणखत मिसळा. मी बियाण्याचे बटाटे देतो. एकेका तुकड्याला दोन-तीन डोळे राहतील असे कापा आणि दोन दिवस सावलीत ठेवा, कापलेली बाजू सुकू द्या. चिमूटभर राख लावा. लावलंत की विसरून जा.”

“विसरून?”

“जवळपास. माती बोटाला कोरडी लागली तर पाणी. झाड वीतभर झालं की बुंध्याशी माती चढवा, परत वाढलं की परत चढवा. बटाट्याला ऊन दिसता कामा नये. हिरवा पडला तर खायचा नाही, तो बाधतो. पाणी कमी, माती जास्त. एवढंच.”

आत्याने ते सगळं कपड्यांची मापं लिहायच्या वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या लावणीच्या वेळी तिने आतोबांची खुर्ची मागच्या दाराबाहेर आणली. कारण काही थोर नव्हतं, आत त्यांना एकटं ठेवून तिचं लक्ष लागत नव्हतं. ती तुकडे कापायला बसली आणि पहिलाच तुकडा कापताना तिकडून “मग, मग, मग” असा सपाटा सुरू झाला. तिने सुरी पुढे केली. आतोबांनी डाव्या हातात घेतली. उजवा हात मांडीवर ओंडक्यासारखा पडलेला. त्यांनी बटाटा त्या निकामी हाताखाली दाबून धरला आणि एका झटक्यात बरोब्बर दोन डोळ्यांमधून कापला. मग आत्याकडे असं पाहिलं, जसं कॅन्टीनमधल्या नव्या माणसाकडे पाहावं. त्या दिवशी सगळे तुकडे त्यांनीच कापले. तासाभराचं काम, त्यांना तीन तास लागले. आत्या मुकाट्याने बटाटे पुढे करत राहिली. हे तिचं मला फार मोठं वाटतं. हातातलं काम काढून घेऊन पटकन उरकायची सवय असलेली बाई, तीन तास नुसती बटाटे पुढे करत राहिली.

बाराव्या दिवशी मातीला तडे गेले आणि गडद हिरव्या, चुरगळलेल्या पानांची टोकं वर आली. आत्याने मला पोस्टात फोन केला. मी घाबरून विचारलं, “काय झालं?” म्हणाली, “उगवले. ठेवते.”

त्यानंतरचे तीन महिने मी त्या घराला बदलताना पाहिलं. सकाळचा व्यायाम खोलीऐवजी परसात व्हायला लागला, कारण आतोबांना झाडं बघायची असायची. दारापासून पहिल्या सरीपर्यंत सहा पावलं. आधी आत्याच्या खांद्यावर, मग काठीवर, मग काठी आणि भिंत यांच्यावर. माती चढवायची वेळ आली तेव्हा ते खुर्चीतून वाकून डाव्या हाताने बुंध्याशी माती ओढायचे. आत्याला पाणी घालायची हुक्की आली की तिकडून ताणलेलं, दटावणारं “मऽऽग” यायचं आणि ती झारी खाली ठेवायची. भांडणंसुद्धा सुरू झाली. एकदा मी गेले तर दोघं तोंड फिरवून बसलेले.

“काय झालं?”

“मला बोलले.”

“काय बोलले?”

“मग म्हणाले. पण ज्या तऱ्हेने म्हणाले ना, मी ओळखते.”

मी हसले तर आतोबाही हसले, अर्ध्या तोंडाने. आजारानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

जेवणाचं मात्र फारसं सुधारलं नव्हतं. आईचा डबा थोडा जास्त जायचा, एवढंच.

झाडांची पानं पिवळी पडून लवायला लागली तेव्हा आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिला वाटलं, पुन्हा मेली. रोपवाटिकेचा मालक स्वतः येऊन बघून गेला. “मेली नाहीत. त्यांचं काम झालं. दहा दिवस पाणी बंद, मग काढा,” म्हणाला.

काढणीला मी सुट्टी घेतली. आत्याने कुदळीचा पहिला घाव घातला आणि पहिलाच बटाटा मधोमध दुभंगला. आतोबा काठी टेकत उठले. काही कळायच्या आत ते सरीच्या कडेला हळूहळू खाली बसले, चक्क मातीत. आत्या धावली, त्यांनी हाताने तिला थांबवलं. मग कुदळ बाजूला सारली आणि डावा हात मातीत घातला, मनगटापर्यंत. बोटं आत चाचपडताना दिसत नव्हती, पण त्यांचा चेहरा दिसत होता. पिठात हात घालणाऱ्या माणसाचा असतो तसा. हात बाहेर आला तेव्हा मुठीत बटाटा होता. कोवळी, पातळ साल, अंगठ्याने चोळली तर निघेल अशी. त्यांनी तो आत्याच्या ओच्यात टाकला आणि परत हात घातला. मग आम्ही दोघीही कुदळ विसरून खाली बसलो. टोपली भरली, फुटकी बादली भरली, शेवटी आत्याने शिवायला घेतलेला एक नवा अभ्रा आणला, तोही भरला.

त्या दुपारी आतोबा खोलीत जायला तयार होईनात. ओट्याशी खुर्ची आणायला लावली. आत्याने बटाटे धुऊन पातेल्यात घातले, पाणी घातलं, आणि मिठाचा एक चमचा टाकला. आतोबांनी ओट्यावर बोट आपटलं. एकदा. ती थांबली. परत एकदा आपटलं. तिने आणखी एक चमचा घातला. बोट थांबलं.

“म्हणजे इतकी वर्षं मला अळणी वाटायचं नाही, ते यामुळे,” ती म्हणाली.

बटाटे उकडले. आतोबांनी सुरीचं टोक एकात घालून दाखवलं, अडकता कामा नये. मग तव्यावर तेल, ठेचलेला लसूण, अर्धे केलेले बटाटे कापलेली बाजू खाली. आत्याने लगेच उलथनं घातलं तर बोटं तडतड आपटली. हलवू नकोस. ती उभी राहिली, हात मागे बांधून. आतोबांनी डोळे मिटले आणि मान जराशी तिरकी केली. मला वाटलं दमले. पण ते ऐकत होते. तेलाचा आवाज आधी ओला, चरचरीत होता. थोड्या वेळाने बारीक, कोरडा झाला. त्याच क्षणी बोट आपटलं. आत्याने बटाटा उलटला. खालची बाजू सोनेरी, एकसारखी.

आत्या तशीच उलथनं धरून उभी राहिली. मग म्हणाली, “यंत्राची सुई बोथट झाली की आवाज बदलतो. मी न बघता सांगायचे. हे तेच आहे. अहो, हे मला कधी सांगितलं का नाही?”

आतोबांनी तिच्याकडे पाहिलं. “मग,” ते म्हणाले, अगदी हळू. त्याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्यांच्यासाठी तिने दोन बटाटे दूध-लोणी घालून मऊ कुस्करले, वर मिरपूड. त्यांनी वाटी संपवली आणि पुढे सरकवली. परत भरून दे म्हणून.

त्यानंतर आत्या अशी काही हात धुवून स्वयंपाकाच्या मागे लागली की विचारू नका. शब्दांशिवाय शिकायचं म्हणजे पातेल्याचा आवाज, वास, रंग, आणि बाजूला आपटणारं एक बोट. चुकली की ताट नि:संकोच परत यायचं. ती रागवायची, दार आपटायची आणि पुन्हा करायची. तीन आठवड्यांत आईचा डबा बंद झाला. आतोबांचे सदरे परत उसवून सैल करावे लागले.

त्याच सुमारास कॅन्टीनमधल्या लोकांनी निरोप पाठवला की आतोबांना भेटायला यायचंय. इतके दिवस कुणाला धीर झाला नव्हता. आठजण येणार होते. बाबा म्हणाले, “ताई, बाहेरून मागवू. आठ आचाऱ्यांना तू जेवायला घालणार?”

“हो,” आत्या म्हणाली.

आठजण आले, खुर्च्यांच्या कडेवर बसले, आतोबांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, जणू त्यांना ऐकू येत नाही. आतोबांच्या कपाळावर आठी. आत्याने ताटं आणली. भाजलेले बटाटे, कांद्यावर परतलेले बटाटे, लोण्यातला लगदा, आणि बटाट्याचंच घट्ट सूप. उरलेलं सगळं पीक त्या दिवशी गॅसवर चढलं होतं. बोलणं थांबलं. आतोबांच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेला एक आचारी होता, आता त्यांच्या जागी तोच होता. त्याने भाजलेला बटाटा उलटून खालची बाजू पाहिली. एक घास खाल्ला. मग आतोबांकडे वळून त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, “उस्ताद, आम्हाला बटाटा हलवला म्हणून शिव्या घालायचात. वहिनींना पण घातल्यात का?”

“मग,” आतोबा म्हणाले, आणि सगळी खोली हसली. त्यानंतर कुणी सावकाश बोललं नाही. जाताना तो आचारी आत्याच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाली, “बाही उसवली आहे तुझी. काढ, दोन मिनिटांत देते.”

आतोबा पुढे पाच वर्षं जगले. दर थंडीत बटाटे लागले. एका वर्षी पानांवर करपा पडला आणि जेमतेम टोपलीभर निघाले, बाकी वर्षी भरपूर. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना अंथरुणातून उठता येत नव्हतं. तेव्हा आत्या परातीत माती आणि बियाण्याचे बटाटे घेऊन त्यांच्या पलंगाशी बसली आणि त्यांनी पडल्या पडल्या तुकडे कापले. ते गेले तेव्हा झाडं वीतभर झाली होती. तेराव्या दिवसाआधीच तिने त्यांना माती चढवली. नातेवाइकांत कुजबुज झाली, तिच्या कानावरही गेली. “झाडं थांबत नाहीत,” एवढंच ती म्हणाली.

आता आत्या सत्तरीच्या पुढे आहे. ज्या दवाखान्यात तिने चादरी शिवल्या, तिथेच आठवड्यातून दोनदा जाते. झटका येऊन बोलणं गेलेले रुग्ण ज्या वॉर्डात असतात, तिथे त्यांच्या घरच्यांना मऊ अन्न चवीचं कसं करायचं ते दाखवते. वॉर्डाच्या छोट्या स्वयंपाकखोलीत, स्वतःच्या परसातले बटाटे घेऊन. वाचा-उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला एकदा माझ्यासमोर विचारलं, “आजी, त्यांच्या एका शब्दातून तुम्हाला एवढं सगळं कळायचं कसं?”

आत्या बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“कळायचं कुठे? निम्म्या वेळा चुकायचे मी. पण मी विचारत राहायचे आणि ते सांगत राहायचे. दोघांपैकी कुणी थांबलं नाही.”

तेवढ्यात एक नवी बाई दारात आली, हातात न खाल्लेला डबा, डोळे सुजलेले. तिचा नवरा परवाच दाखल झाला होता. आत्याने तिला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि सोलायची सुरी तिच्या हातात दिली.

“बस,” आत्या म्हणाली. “त्यांना काय आवडायचं, ते आधी सांग.”